तांबं घासायचं नसतं

आमच्या दुकानात कुणी तांब्याचं नाणं घेऊन आलं, की मी आधी नाव विचारायचे नाही, कुठून आणलं तेही विचारायचे नाही. पहिला प्रश्न एकच. "घासलंय का?"

समोरचा माणूस बहुतेक वेळा छाती पुढे काढून सांगायचा, "हो तर! किती काळं पडलं होतं, माहितीये? बसून घासलं. बघा आता कसं चमकतंय." मग माझा चेहरा बघून ती छाती हळूहळू आत जायची. मला फार वाईट वाटायचं हो. माणसाने मायेने केलेलं काम, आणि त्याला सांगायचं की बाबा रे, तू याचा जीव घेतलास.

यंदा इथल्या मराठी मंडळातल्या मुलींनी आग्रह केला, "वसुधाताई, तुमच्या नोकरीबद्दल लिहा, अशी नोकरी आपल्यात कुणी केली नाही." म्हटलं, लिहिते. पण मी जेमतेम मॅट्रिक. मला जसं बोलता येतं तसंच लिहिता येतं. तेव्हा मध्येच कुठे वाट सोडून गेले तर सांभाळून घ्या.

नोकरी लागली ती बाकावर बसून. माझा मुलगा इथे, परदेशात, शाळेत असताना एका शॉपिंग सेंटरच्या वरच्या मजल्यावर ट्यूशनला जायचा, आणि तो सुटेपर्यंत मी खाली बाकावर बसून राहायचे. समोर मिस्टर को या चिनी गृहस्थांचं नाण्यांचं दुकान. दुकान म्हणजे काय, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. रोज बघून बघून ओळख झाली. एक दिवस त्यांनी काचेतून हाक मारली. हातात एक वाटोळं नाणं, त्यावर देवनागरी अक्षरं. "आंटी, यू कॅन रीड धिस वन?"

मी वाचलं. त्यांनी दुसरं पुढे केलं. तेही वाचलं. मग त्यांनी काउंटरखालून एक बिस्किटांचा डबाच काढला. आपल्याकडच्या जुन्या संस्थानांची नाणी, डबाभर, वर्षानुवर्षं वाचणारं कुणी मिळालं नव्हतं म्हणून पडून राहिलेली. ती वाचून होईस्तोवर मुलाचं ट्यूशन संपलं, शाळा संपली, पण माझं दुकान काही संपलं नाही. अगदी परवा-परवापर्यंत, मिस्टर को यांनी शटर कायमचं खाली ओढेपर्यंत, मी तिथे होते.

आता ज्याबद्दल लिहायचंय ते सांगते. अमेरिकेची जुनी मोठी सेंटं. आजचं त्यांचं सेंट एवढंसं असतं, पण अगदी सुरुवातीचं, म्हणजे त्यांचा देश नवा नवा होता तेव्हाचं, चांगलं आपल्या ढब्बू पैशासारखं असायचं. शुद्ध तांब्याचं, हाताला वजन लागणारं. एका बाजूला स्वातंत्र्याची देवी, केस मोकळे सोडलेली. दुसऱ्या बाजूला अगदी पहिल्या वर्षी साखळी होती. लोक म्हणाले, ही काय तऱ्हा, पुढे स्वातंत्र्य आणि मागे साखळी? मग साखळी काढून पानांची माळ आली.

त्या काळी ठसे हाताने कोरायचे. ठसा झिजला, तडकला, की कारागीर नवा कोरायचा, आणि हाताने कोरलेलं काही दुसऱ्यांदा तसंच्या तसं येत नाही. म्हणून एकाच सालाच्या सेंटांत देवीचे केस वेगळे. कुठे शेवटची बट वर वळलेली, कुठे खाली, कुठे माळेतलं एखादं फळ कमी. जाणकारांनी या प्रत्येक प्रकाराला नंबर देऊन ठेवलेत, आणि संग्राहक एकेक नंबर मिळवण्यासाठी आयुष्य घालवतात. मिस्टर को यांना ते केस ओळखताना डोकं धरायची वेळ यायची. मला ते पटकन जमायचं. त्यात हुशारी काही नाही. घरात तीन धाकट्या बहिणी, रोज सकाळी तिघींच्या वेण्या मी घालायचे. कुणाची बट कुठे सुटते हे लक्षात ठेवायची सवय डोळ्यांना लागलेली होती, ती इथे कामी आली.

आणि या नाण्यांचा जीव कशात, तर रंगात. दोनशे वर्षं हवा खाऊन तांब्यावर एक साय धरते. कुणाची खजुरासारखी, कुणाची कोऱ्या चहासारखी, कुणाची हिरवट झाक असलेली. ही साय एकदा गेली की गेली. मग ते नाणं उरतं, पण त्याचं वय जातं. आमची अनया, माझी नात, पुंगोलच्या आमच्या घरात मी एक सेंट टेबलावर ठेवलं होतं ते बघून इथल्या ढंगात म्हणाली, "आजी, सो डर्टी लाह! व्हाय यू नेव्हर वॉश?" तिला काय बोलणार? आपल्या रक्तातच आहे ते. तांबं काळं दिसलं की आपला हात शिवशिवतो.

गिऱ्हाइकं काय एकेक. एक म्हातारे कप्तान आले होते, जहाजावरून निवृत्त झालेले. आजोबांपासून घरात असलेलं एक सेंट रेशमी रुमालात बांधून आणलं होतं. साल १८१५. मी भिंग लावून तो आकडा दोनदा पाहिला. कारण त्या साली टांकसाळीतलं तांबं संपलं होतं, त्या सालाचं सेंट पाडलंच गेलं नाही. कुणीतरी १८१३मधल्या तिनाचा पाच कोरून ठेवला होता. मी सांगितलं. त्यांनी शांतपणे रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि दारातून वळून म्हणाले, "मॅडम, तुम्ही हे पाहिलंच नाही, असं समजाल का?"

ते गेल्यावर मिस्टर को म्हणाले, "आंटी, धिस ट्रेड लाइक धिस. सी ऑलरेडी, फर्गेट ऑलरेडी."

पाहिलं की विसरायचं. हा आमच्या दुकानाचा कायदा. गिऱ्हाइकाने काय घेतलं, कितीला घेतलं, खरं निघालं की खोटं, ते त्याचं त्याच्यापाशी. त्याच्या भावाला सांगायचं नाही, मुलाला नाही, आणि बायकोला तर अजिबात नाही. या धंद्यात बायकांपासून लपवणारे पुरुष इतके, की मिस्टर को पिशवीसुद्धा शेजारच्या चपलांच्या दुकानातली द्यायचे.

दुसरा एक आठवतो, बुओना व्हिस्टाकडच्या कुठल्याशा ऑफिसात काम करणारा तरुण, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला. चार सेंटं विकायला आणली होती, रंग सुरेख, एकसारखा. फार एकसारखा. मी नाकाशी धरलं. लवंगी फटाका उडवल्यावर बोटांना येतो ना, तसा बारीक वास. घासून उघडं पडलेलं तांबं गंधक लावून पुन्हा तपकिरी करतात, त्याचा तो वास. मिस्टर को यांनी नाणी एका बोटाने त्याच्याकडे सरकवली. "टेक होम." एवढंच. आमच्याकडे चोराला एक वेळ खुर्ची मिळेल, नाण्याला रंग लावणाऱ्याला नाही.

हे सगळं आधी सांगितलं ते देवधरांसाठी. आता देवधरांकडे येते.

देवधर बँकेतले. मोठ्या पदावरून निवृत्त झाले, बुकित तिमाहला कॉन्डोमध्ये राहायचे, मुलगी मेलबर्नला. त्यांची आणि माझी ओळख झाली तीही गमतीची. मी काउंटरवर मान खाली घालून एका १७९४च्या सेंटाकडे बघत स्वतःशीच म्हणाले, "अगं बाई, तुझी ही बट मी आधी कशी पाहिली नाही?"

वरून आवाज आला, "कोणती बट?"

मी दचकून बघते तर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ, चष्मा कपाळावर चढवलेला. मराठी ऐकून दोघांनाही हसू आलं. त्या दिवशी त्यांनी ते सेंट घेतलं. तेच त्यांचं पहिलं, आणि शेवटपर्यंत सर्वांत लाडकं. पुढे तीसेक झाली असतील. दर शनिवारी संध्याकाळी घरी एकेक नाणं पाकिटातून काढायचं, मऊ केसांच्या ब्रशने हळुवार फिरवायचं आणि परत ठेवायचं. हे ब्रश फिरवणं म्हणजे घासणं नव्हे हं. बाळाच्या टाळूला तेल लावतो त्याहूनही हलक्या हाताने करायचं ते. त्याने सायीला तेज येतं. दमट हवेत तांब्याला हिरवे डाग पडतात, म्हणून कॅमेरे ठेवायचं ते कोरड्या हवेचं कपाट त्यांनी आणलं होतं.

आणि या सगळ्याबद्दल बायकोला काय सांगितलं होतं? "रद्दीच्या भावात मिळतात गं. टाइमपास."

पहिल्या वेळी भीतीपोटी सांगितलं असणार. मग दुसऱ्या वेळी पहिल्याला धरून, तिसऱ्या वेळी दुसऱ्याला धरून. खोटं असंच वाढतं, त्याला खतपाणी लागत नाही.

नलिनीवहिनी म्हणजे फार गोड बाई. कोकणातली, बोलायला खणखणीत. एकदा दिवाळीच्या आधी चकल्यांचा डबा घेऊन थेट दुकानात आल्या. देवधर त्यांच्या पाठीमागे. वहिनी काउंटरवर कोपर टेकून म्हणाल्या, "वसुधाताई, एवढं काय असतं हो त्या काळ्या पैशांत? मला पण सांगा ना. शनिवारी हे त्या कपाटाशी बसतात आणि मी टीव्हीशी. मला कळायला लागलं तर मीही बसेन की यांच्याजवळ."

मी तोंड उघडलं. मागून देवधर मान हलवत होते, नको, नको. मी म्हटलं, "काही नाही हो वहिनी, जुनं तांबं. हौस आपली."

"तेच म्हणते मी, भांडीवाल्याला दिलं तर दोन चमचे येतील!" असं म्हणून त्या हसल्या. देवधरही हसले, जरा जास्तच मोठ्याने. मी मात्र चकल्यांच्या डब्याचं झाकण लावत बसले. त्या आल्या होत्या नवऱ्याजवळ बसायला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्यांना टीव्हीकडे परत पाठवलं.

त्यानंतर काही वर्षांनी, दिवाळी तोंडावर आलेली असताना देवधरांच्या छातीत दुखलं. बायपास करायला लागली. मुलगी येऊन आठवडाभर राहून गेली. ऑपरेशन नीट झालं, आणि घरी सोडायचं ते दिवाळी झाल्यावर, असं ठरलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी वहिनींचा फोन. आवाजात कितीतरी दिवसांनी उजेड होता. "संध्याकाळी या हं पूजेला. एक गंमत दाखवायचीय."

गेले. दारात छोटीशी रांगोळी, आत उदबत्तीचा वास. देवापुढे पाट मांडलेला, त्यावर मोठं ताम्हण. आणि ताम्हणात...

मी आधी पेढे समजले. खरंच. गुलाबी, गोल, चकचकीत. मग एकाच्या काठावर उलटी-सुलटी अक्षरं दिसली. तीसच्या तीस सेंटं. उंदराच्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांसारखी उघडी, गुलाबी. आणि प्रत्येकीला हळदकुंकू. त्या परदेशी देव्या, मोकळ्या केसांच्या, दोनशे वर्षांत कधी कुणी ज्यांना कुंकू लावलं नव्हतं, त्या ओळीने कपाळावर कुंकू घेऊन बसल्या होत्या.

"छान झालीत ना?" वहिनी म्हणाल्या. "देवाची तांब्याची भांडी घासायला काढली, तेव्हा मनात आलं, यांची ती लक्ष्मीही बिचारी काळीठिक्कर पडलीय. आंबट लावलं, मीठ लावलं, दुपारभर बसले. हे घरी आले की चकित होतील. म्हणतील, बघा, मी नव्हतो तर माझ्या कपाटाचीसुद्धा दिवाळी केली हिने."

मी खुर्चीवर बसले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाडग्यात लालसर काळा चोथा पडलेला दिसत होता, नारळाची शेंडी, मीठ. सगळं आपल्या घरातलं, ओळखीचं.

"काय झालं? बरं वाटत नाहीये का?"

"वहिनी, ही घासायची नसतात."

"का?"

मी सांगितलं. साय, रंग, वय. जमेल तितक्या सौम्यपणे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगंबाई. चुकलंच मग. पण भांडीवाल्याच्या भावाचीच होती ना? हौसेची वस्तू खराब झाली, म्हणून वाईट वाटेल यांना. पण तसं फार काही..." आणि माझ्याकडे बघता बघता त्या थांबल्या. "वसुधाताई, किमतीची होती?"

माझ्या कानात मिस्टर को. सी ऑलरेडी, फर्गेट ऑलरेडी. "ते तुम्ही त्यांनाच विचारा," मी म्हटलं. एवढं म्हटल्यावर न सांगण्यासारखं उरतंच काय?

वहिनी खाली पाटाजवळ बसल्या. निरांजन तेवत होतं. वात पुढे सारत म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय, धक्का बसता कामा नये. रागसुद्धा नको म्हणालेत. हे आल्या आल्या ते कपाट उघडतील. मग?" आणि एकदम माझा हात धरला. "तुमच्या दुकानात काही औषध असेल ना? पुन्हा काळी करायचं? तुम्हाला येत असेल. करा ना. यांचा जीव वाचवायला करा."

मला येत होतं. ज्याला पकडता येतं त्याला करताही येतंच. पण मी नाही म्हटलं. एक तर देवधरांच्या नाकाला तो फटाक्याचा वास क्षणात कळला असता. आणि दुसरं म्हणजे, दारावर आलेल्या माणसाला ज्यासाठी हाकलून दिलं, ते मी त्या ओट्यावर कसं करणार होते?

"बरं," वहिनी म्हणाल्या. डोळे पुसले. "मग एवढं तरी करा. तुम्ही बोलू नका. मीच सांगेन. जरा ताकद येऊ दे यांना, मीच सांगेन."

मी कबूल केलं. आम्ही दोघींनी एकेकीचं कुंकू पुसलं, नाणी पाण्याने धुऊन मऊ कागदाने टिपली, आणि ज्या त्या पाकिटात घातली. कुठली कुठल्या पाकिटात हे मला केसांवरून कळत होतं. चेहऱ्यावरून एकही ओळखू येत नव्हती.

देवधर घरी आले. काही आठवड्यांनी मी भेटायला गेले. आरामखुर्चीत बसले होते, पोटाशी उशी. बायपास झालेल्या माणसाला खोकला आला किंवा हसू आलं तर ती छातीशी दाबून धरायची असते. वहिनींनी माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, अजून सांगितलं नाही. आणि चहा टाकायला आत गेल्या.

आतून कपबशांचा आवाज येऊ लागल्यावर देवधर पुढे झुकले. हळू आवाजात म्हणाले, "वसुधाताई, चिंच की लिंबू?"

मी आधी आतल्या दाराकडे बघितलं.

"ती परवा मंदिरात गेली होती तेव्हा उघडलं होतं. चिंच की लिंबू?"

"चिंच," मी म्हटलं.

"सगळी?"

"सगळी."

त्यांनी उशी छातीशी घट्ट धरली. मला वाटलं दुखतंय. पण हसत होते. हसता हसता डोळ्यांना पाणी. "ज्या तांब्याची ती सेंटं पाडली ना, त्यात म्हणे लोकांची मोडीतल्या किटल्या आणि भांडीसुद्धा वितळवली होती. म्हणजे हिचं काही चुकलं नाही. भांडं ते शेवटी भांडंच."

"तुम्ही बोला ना वहिनींशी," मी म्हटलं.

"काय बोलू? आयुष्यभर सांगत आलो, कवडीमोल आहेत म्हणून. आता रागावू कुठल्या तोंडाने? आणि माफ केलं असं म्हणायचं, तर काय माफ केलं ते सांगावं लागेल. आज तिच्या लेखी तिने थोडं जुनं तांबं घासलं, एवढंच. तसंच राहू दे. तुम्ही बोलणार नाही ना?"

आत चहा उकळत होता. मला दोन्हीकडची गोष्ट ठाऊक होती. त्यांना वाटत होतं, बायकोला किंमत माहीत नाही. तिला वाटत होतं, नवऱ्याला घासल्याचं माहीत नाही. मधोमध मी, आणि दोघांनी माझ्याकडून वचन घेतलेलं. वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काय एवढं हसताय? टाके सांभाळा."

"वसुधाताईंच्या दुकानातले किस्से," देवधर म्हणाले.

त्यानंतर देवधर ते कपाट उघडेनासे झाले. वहिनींना वाटलं, आजारपणाने मन उडालं. मला फोन करून म्हणायच्या, "हे काढतच नाहीत हो नाणी. काढली तर तो विषय निघेल, मग मी सांगेन. आपणहून कसं सांगू?" मी म्हणायचे, "सांगून टाका." त्या म्हणायच्या, "हो, या शनिवारी." असे कितीतरी शनिवार आले. देवधर दुकानात यायचे, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, आमच्याच एखाद्या सेंटावर ब्रश फिरवत बसायचे. मी म्हणायचे, "बोला ना घरी." ते म्हणायचे, "बघू." एकदा मिस्टर को यांना विचारत होते, घासलेल्याचा रंग आपणहून परत येतो का. मिस्टर को म्हणाले, "कॅन. कीप इन पॉकेट, एव्हरी डे टच. नीड स्वेट, नीड एअर. बट मस्ट लिव्ह लाँग लाँग लाह."

मी तेव्हा बिलाच्या कामात होते, फारसं लक्ष दिलं नाही.

देवधर यंदा गेले. झोपेत नाही, हॉस्पिटलमध्येच, पण फार हाल झाले नाहीत. सगळं आटोपल्यावर, महिन्याभराने, वहिनींनी मला बोलावलं. "त्या नाण्यांचं काय करायचं ते तुम्हीच सांगा." आम्ही कपाट उघडलं. पाकिटं जशीच्या तशी. नाणी अजून तशीच, जरा मळकट गुलाबी. मी एकेक मोजून बाजूला ठेवत होते तर पहिलं पाकीट हाताला हलकं लागलं. रिकामं. १७९४चं, लाडकं.

"हे कुठे गेलं?" मी विचारलं.

वहिनी आत गेल्या आणि हॉस्पिटलने दिलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन आल्या. त्यात घड्याळ, चष्मा, आणि एक सेंट. "यांच्या पायजम्याच्या खिशात होतं म्हणे. मला वाटलं, दुकानातून नवीन घेतलं असेल. हे गुलाबी नाहीये."

मी खिडकीशी नेलं. शेवटची बट वर वळलेली. तेच होतं ते. पण तपकिरी. पहिल्यासारखं खजुरी नव्हे, ती साय परत येत नाही. पण शांत, मऊ, एका बाजूने अंगठ्याने गुळगुळीत झालेलं. इतकी वर्षं खिशात घेऊन फिरत होते.

"तेच आहे," मी म्हटलं.

वहिनींना कळायला वेळ लागला नाही. "म्हणजे यांना माहीत होतं?"

आता वचन कुणासाठी पाळायचं होतं? देवधर नव्हते, दुकानही नव्हतं. कायदा करणारे मिस्टर को मुलीकडे राहायला गेलेत. मी सगळं सांगितलं. उशी, हसणं, किटल्या. "तुम्ही चहा करायला आत गेलात आणि त्यांनी मला विचारलं, चिंच की लिंबू?"

वहिनींनी ते सेंट माझ्या हातातून घेतलं. अंगठा बरोबर त्या गुळगुळीत जागेवर ठेवला.

"तुम्ही काय सांगितलंत?"

"चिंच."

त्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं. मग मान हलवली.

"चिंच नव्हती हो. चिंच संपली होती त्या दिवशी. आमसुलं होती ती, आईकडची, डब्यात तळाशी राहिलेली." आणि मग माझ्याकडे नाही, त्या नाण्याकडे बघून म्हणाल्या, "मला विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की."